आठ हजारांत घरचा कॅमेरा

प्रश्न : दादा, नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. आमच्या घरात मोठा फोन एकच आहे. तो सकाळी ह्यांच्याबरोबर वावरात जातो आणि रात्रीच घरी येतो. पोरगी तिसरीत आहे, पोरगा चार वर्षांचा. दिवसभर ते काय काय करतात, पण त्याचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. सासूबाई आता थकल्या, त्यांचा म्हणावा तर आधार कार्डावरचा तेवढा फोटो. शिलाईचे आणि बचत गटातले मिळून आठ हजार रुपये मी बाजूला ठेवले आहेत. साधा, बटण दाबलं की फोटो निघेल असा कॅमेरा पाहिजे. ऑनलाइन चार हजारांत ४८ मेगापिक्सलचा नवा कॅमेरा दिसतो. नागपूरचा माझा भाऊ म्हणतो, कॅमेऱ्यात पैसे घालू नको, फोनच घे. पण दुसरा फोन घरात आला की लेकरं दिवसभर त्यातच डोकं घालतील. आर्वीचे एक स्टुडिओवाले भाऊ त्यांच्याकडचा जुना सोनी डब्ल्यू८३० साडेचार हजारांत देतो म्हणतात, पण जुनी वस्तू घ्यायची भीती वाटते. पिकाच्या नुकसानीचे फोटो त्याच्यानं निघाले तर ह्यांनाही पटेल. पोळ्याच्या आधी घ्यायचा आहे. काय करू?

उत्तर : ताई, नमस्कार. आधी थेट उत्तर देतो, कारणं मागून. ऑनलाइनचा ४८ मेगापिक्सलवाला घेऊ नका. स्टुडिओवाल्या भाऊंचा डब्ल्यू८३० हातात घेऊन नीट तपासा आणि तपासणीत उतरला तर तोच घ्या. जुन्या वस्तूची भीती वाटणं बरोबर आहे, पण कॅमेरा दुकानात बसून अर्ध्या तासात तपासता येतो. कसा, ते खाली सविस्तर लिहिलं आहे. हे पान सोबत घेऊन गेलात तरी चालेल.

तुमच्या भावाचं म्हणणं एका बाजूने खरं आहे. रात्री घरात एका बल्बच्या उजेडात आजचा बरा फोन या कॅमेऱ्याच्या पुढे जातो. फोन एका दाबात बरेच फोटो टिपतो आणि त्यांचा मिळून एक करतो. डब्ल्यू८३० हा २०१४ सालचा कॅमेरा, त्याला ते जमत नाही. व्हिडिओही त्याचा साधाच, ७२० पी. पण आठ हजारांत येणारा फोन म्हणजे भावाच्या हातातला फोन नव्हे. त्या किमतीच्या फोनच्या पाठीवर दोन-तीन भिंगं दिसली तरी कामाचं एकच असतं, आणि खरा झूम तर नसतोच. त्यातून, तुम्हाला जे हवं आहे ते घरात, फडताळात, हाताशी राहणारं यंत्र. ते दुपारी दोन वाजता पोरगा मांजरीच्या पिल्लाला दूध पाजत असताना तुमच्या हातात असलं पाहिजे. बाहेर गेलेला चांगला फोन त्या वेळी काय कामाचा! तुम्हाला स्वतःसाठी फोन लागत असेल, बँकेचे निरोप, शाळेचा ग्रुप, गटाचे हिशोब यासाठी, तर तो जरूर घ्या. तो तुमचा हक्काचा खर्च आहे. पण तो फोन म्हणून घ्या, कॅमेऱ्याच्या पैशातून नको. हे पैसे तुम्ही शिलाई करून कशासाठी साठवलेत ते तुम्ही स्पष्ट लिहिलं आहे.

पिकाचं मात्र भाऊजींना आताच सांगून टाका, नंतर वाद नको. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, ती फोनवरच्या ॲपमधूनच होते. वावरात उभं राहून ॲपमधूनच फोटो घ्यावा लागतो, कारण त्याला जागेची नोंद जोडलेली असते. डब्ल्यू८३० मध्ये जागेची नोंद होत नाही. गारपिटीनंतरची पऱ्हाटी, पाण्याखाली गेलेलं सोयाबीन यांचे तारखेचे फोटो घरच्या नोंदीला असावेत म्हणून काढा, पण सरकारी कामाला तो कॅमेरा चालेल असं सांगून तो घेऊ नका.

आता त्या ४८ मेगापिक्सलकडे येऊ. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. स्टुडिओतून जो ४ बाय ६ इंचाचा फोटो आपण धुऊन आणतो, त्याला इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे साडेएकवीस लाख ठिपके लागतात. दोन मेगापिक्सलच्या किंचित वर. भिंतीवर लावायचा ८ बाय १२ चा मोठा फोटो काढला तरी साडेआठ-नऊ मेगापिक्सलमध्ये काम होतं. मग ४८ कशाला? या स्वस्त, अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, बहुधा पुष्कळ कमी ठिपक्यांचा असतो आणि उरलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरतं. फोटोची फाईल फुगते, पण चेहऱ्यावरचा बारकावा जिथल्या तिथेच. भिंग बहुतेक प्लास्टिकचं आणि एकाच अंतरावर जखडलेलं असतं, त्यामुळे जवळचं लेकरू धूसर आणि मागची भिंत बरी, असे फोटो येतात. ओळखायचं कसं? जाहिरातीत ‘१६ एक्स डिजिटल झूम’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि ऑप्टिकल हा शब्द कुठेच नसतो. चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही. फ्लॅशच्या जागी टॉर्चसारखा पांढरा एलईडी असतो. या तीन खुणा दिसल्या की तो कॅमेरा लेकरांचं खेळणं समजा.

डिजिटल झूम म्हणजे आधी निघालेल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात. कॅमेऱ्यावर काहीही छापलेलं असो, लेन्सभोवतीच्या कड्यावरचे बारीक आकडे वाचा. डब्ल्यू८३० च्या कड्यावर ४.५-३६ असं लिहिलेलं असतं. ३६ ला ४.५ ने भागा, ८ येतात. म्हणजे आठ पट खरा झूम. कुठलाही जुना कॅमेरा समोर आला तरी हा भागाकार तिथेच करता येतो, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

तुम्हाला वाटेल, मोठ्या कंपनीचा स्वस्त नवा कॅमेराच का मिळत नाही? कारण कंपन्यांनीच ते बनवणं जवळपास थांबवलं. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर असे दहा कोटींच्या वर कॅमेरे पाठवले होते. २०२३ साली तो आकडा वीस लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात फोनने त्यांची जागा घेतली. आणि आता गंमत अशी की शहरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना या जुन्या कॅमेऱ्यांच्या रंगांची ओढ लागली आहे. मागणी इतकी वाढली की कॅननने आपला २०१६ चा इक्सस २८५ एचएस २०२५ मध्ये थोडा बदल करून पुन्हा विकायला काढला. कोडॅकच्या नावाने पिक्सप्रो कॅमेरेही नवे निघतात. पण हे नवे कॅमेरे तुमच्या आठ हजारांत बसणं कठीण आहे. जुन्यांचे भावही चढलेत, म्हणून साडेचार हजार ही मागणी अवाजवी वाटत नाही. तरी बोलून बघा. चार हजारांत चार्जर आणि पाकिटासह मिळाला तर उत्तम.

आता तपासणी. आर्वीला जाताना दुपारी जा, उजेड असतो. सोबत एक कोरं एसडी कार्ड न्या आणि जमलं तर भाऊजींचा फोन, टॉर्चसाठी.

पहिल्यांदा कॅमेरा हातात घेऊन कोपरे बघा. कोपरा चेपलेला असेल तर तो पडलेला आहे. तळाचे आणि बाजूचे बारीक स्क्रू बघा. एखादा गायब असेल किंवा त्याची खाच खरवडलेली असेल तर कोणीतरी उघडलेला आहे. अशा वेळी सरळ विचारा, काय दुरुस्ती केली होती? मग चालू करा. लेन्स एका दमात, गुळगुळीत बाहेर आली पाहिजे. झूमची कळ पूर्ण पुढे न्या, पूर्ण मागे आणा, आणि कान लावून ऐका. हलका घरघर आवाज चालतो. करकर आली, दाणा अडकल्यासारखी, तर आत रेती किंवा माती गेली आहे. आपल्याकडच्या धुळीत हा सगळ्यात मोठा रोग. आज करकरणारी लेन्स उद्या अर्ध्यात अडकून बसते आणि पडद्यावर लेन्सची चूक दाखवून कॅमेरा बंद पडतो. त्याची दुरुस्ती किमतीला परवडत नाही, म्हणून इथे दयामाया नको. दोन-चार वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी ऐका.

नंतर दुकानाबाहेर येऊन निरभ्र आभाळाचा एक फोटो काढा. आभाळ नसेल तर पांढऱ्या भिंतीचा. एक झूम न करता, एक पूर्ण झूम करून. मग तो पडद्यावर मोठा करून बघा. दोन्ही फोटोंत त्याच जागी करडा डाग दिसला तर आत सेन्सरवर कचरा बसला आहे. हा कॅमेरा खोलल्याशिवाय तो निघत नाही. एखादा फिक्का ठिपका कोपऱ्यात असेल तर भाव कमी करून चालवून घ्या, मधोमध मोठा डाग असेल तर नको. त्यानंतर फोनच्या टॉर्चचा उजेड तिरपा लेन्सवर टाका आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ती धरते आणि पसरत जाते.

पडद्यावर सूर्य किंवा चमकती वस्तू आली की उभी जांभळट-पांढरी रेघ दिसेल. तिला घाबरू नका. या कॅमेऱ्यात सीसीडी जातीचा सेन्सर आहे, त्याचा तो स्वभावच आहे. काढलेल्या फोटोत ती सहसा उतरत नाही.

बॅटरी बाहेर काढून काचेवर सपाट ठेवा आणि बोटाने गरकन फिरवा. फिरली तर फुगली आहे. बरोबर असेल तर ती जागेवर बसून राहते. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात पुन्हा घालूच देऊ नका, नव्या बॅटरीचे पैसे कमी करून घ्या. बॅटरीच्या झाकणाची छोटी कडी नीट बसते का बघा, ती तुटली की झाकण रबर लावून धरावं लागतं. फ्लॅश लागोपाठ तीन वेळा मारून बघा. तारीख-वेळ लावा, बॅटरी काढा, दोन मिनिटांनी परत घाला. तारीख गेली तर आतली छोटी बॅटरी दमली आहे. त्यासाठी कॅमेरा नाकारू नका, पण प्रत्येक वेळी तारीख लावावी लागेल, तेव्हा शे-दोनशे कमी मागा. शेवटी तुमचं कार्ड घालून पाच-दहा फोटो काढा आणि ते कार्ड त्याच स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा म्हणा. सगळे उघडले की तपासणी पूर्ण झाली. पावती मागा. छापील नसेल तर साध्या कागदावर ‘आठ दिवसांत बिघाड निघाला तर परत घेईन’ एवढं लिहून सही घ्या. आर्वीत दुकान मांडून बसलेला माणूस हे लिहून द्यायला सहसा मागेपुढे पाहत नाही, आणि पाहिलं तर तुम्हाला काय ते कळलं. ऑनलाइन अनोळखी माणसाकडून जुना कॅमेरा घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

डब्ल्यू८३० उतरला नाही तर निराश होऊ नका. वर्धा, अमरावती किंवा भावाला सांगून नागपूरला बर्डीवर चौकशी करा. कॅननचा इक्सस १९० किंवा २८५ एचएस मिळाला तर डोळे झाकून नाही, पण आनंदाने तपासायला घ्या. त्यांत हात हलला तरी भिंग सावरून घेतं. इक्सस १८५ दिसायला तसाच, पण त्यात ही सोय भिंगात नाही, म्हणून त्याला थोडे कमी पैसे. सोनी डब्ल्यू८०० चंही तेच, शिवाय झूम पाचच पट. निकॉनचा कूलपिक्स ए१० दोन पेन्सिल सेलवर चालतो. वीज जात-येत असलेल्या गावात ही मोठी सोय वाटते, पण घड्याळात घालतो ते साधे सेल त्यात थोड्याच फोटोंत मान टाकतात. त्यासाठी चार्ज होणारे एनआयएमएच सेल आणि त्यांचा चार्जर घ्यावा लागतो, तो खर्च आधी मोजा. आणि नशिबाने कुणाकडे कॅननचा एस९५ पडलेला असेल तर तो मात्र सोडू नका. तो १० मेगापिक्सलचाच आहे. पण डब्ल्यू८३० चा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. एस९५ चा त्याच्या दीडपट क्षेत्रफळाचा आणि भिंगही जास्त उजेड आत घेणारं. घराच्या आतले फोटो त्याचे नक्की चांगले येतात. मेगापिक्सल अर्धे असूनही!

फार जुना, २००६ च्या आधीचा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्यातल्या बहुतेकांना दोन जीबीच्या वरचं कार्डच कळत नाही, आणि काहींना एसडीऐवजी मेमरी स्टिक किंवा एक्सडी कार्ड लागतं, ते आता शोधत फिरावं लागेल.

उरलेल्या साडेतीन हजारांचं असं करा. नावाजलेल्या कंपनीचं १६ किंवा ३२ जीबीचं, क्लास १० लिहिलेलं पूर्ण आकाराचं एसडी कार्ड घ्या. फोनचं छोटं कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून वापरू नका, ते सैल पडून ऐन वेळी दगा देतं. १६ जीबीत या कॅमेऱ्याचे दोन हजारांच्या वर फोटो मावतात, तुम्हाला भरपूर झालं. कार्ड न घालता फोटो काढले तर ते आतल्या मेमरीत जातात आणि तिथे अगदी थोडे मावतात, हे ध्यानात ठेवा. दुसरी बॅटरी घ्या, एनपी-बीएन नावाची. एका बॅटरीत दोनशेच्या आसपास फोटो निघतात, पण जुनी असेल तर कमीच धरा. या कॅमेऱ्याची एक गोष्ट गावासाठी फार उपयोगी आहे : तो त्याच्यासोबत येणाऱ्या यूएसबी वायरने चार्ज होतो, त्यामुळे लाइन नसली तर पॉवर बँकवरही काम भागतं. मग फोनला लागणारा छोटा कार्ड रीडर घ्या, त्यातून रात्री भाऊजींच्या फोनमध्ये फोटो उतरवता येतील आणि मामाला, आत्याला पाठवता येतील. एवढं होऊनही पैसे उरले पाहिजेत. ते प्रिंटसाठी वेगळे बांधून ठेवा, दुसऱ्या कशात जाऊ देऊ नका.

आता फोटो काढण्याविषयी, कारण कॅमेरा घेऊन अर्धंच काम होतं. फोटो काढायचं बटण दोन टप्प्यांचं असतं, आणि फोनची सवय असलेल्यांना हे कोणी सांगत नाही. बोट हलकेच टेकवून अर्ध्यापर्यंत दाबा. टुक असा आवाज येतो, पडद्यावर हिरवा ठिपका स्थिर होतो. म्हणजे कॅमेऱ्याने अंतर आणि उजेड मोजून ठेवला. आता बोट तसंच धरून ठेवा. पोरगा हसला, पोरीने मान वळवली की उरलेलं अर्धं दाबा, फोटो तत्काळ निघतो. एकदम पूर्ण दाबलं तर मोजमापात वेळ जातो आणि हसू निघून गेलेलं असतं. हे दोन दिवस नुसतं घरातल्या कोंबडीवर, बकरीवर करून बघा, हात आपोआप बसेल.

सासूबाईंचा फोटो घराच्या आत काढू नका. छपरीत, सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवा. ऊन अंगावर नको, अंगणातला उजेड समोरून चेहऱ्यावर यायला हवा. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुलीत अंगणाचा पांढरा ठिपका दिसला की उजेड बरोबर आहे असं समजा. मग तुम्ही सात-आठ फूट मागे सरका आणि दोन-तीन पट झूम करा. जवळ जाऊन काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, म्हाताऱ्या माणसांना तो फोटो आवडत नाही आणि पुन्हा बसायला तयार होत नाहीत. फ्लॅश बंद ठेवा. पहिल्या दोन-तीन फोटोंत त्या ताठ बसतील. मग त्यांना माहेरच्या पोळ्याचं विचारा, त्या सांगायला लागल्या की काढत राहा. हात सैल सोडलेला, पदर नेहमीसारखा घेतलेला, तूर निवडत असतील तर सूपही फोटोत येऊ द्या. आधार कार्डाच्या फोटोत माणूस नसतो, ओळखपत्र असतं. तुम्हाला माणूस हवा आहे.

पोळ्याला दुपारच्या उन्हात दोन अडचणी येतात. पांढऱ्या बैलाचं अंग नुसतं चुन्यासारखं येतं, आणि टोपी घातलेल्या माणसांची तोंडं काळी. पहिल्यासाठी प्रोग्राम ऑटो लावून उजेडाची पातळी शून्याच्या एक-दोन घरं खाली आणा. दुसऱ्यासाठी दिवसाही फ्लॅश सुरू ठेवा. विजेच्या चिन्हावर जाऊन ‘ऑटो’ऐवजी ‘चालू’ करा आणि सात-आठ फुटांच्या आत उभ्या राहा. हा खरा फ्लॅश आहे, तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लखलखतो, म्हणून पळतं पोरगंही स्पष्ट येतं. पण त्याची पोच नऊ-दहा फुटांपर्यंतच. रात्री मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून फ्लॅश मारून काही हाती लागत नाही. तान्ह्या पोळ्याला पोरगा लाकडी बैल ओढत निघेल तेव्हा उभ्याने काढू नका, जमिनीवर बसा. कॅमेरा बैलाच्या शिंगांच्या उंचीवर आला पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत पोराची टोपीच दिसते.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. कंपनीने हा कॅमेरा ४० अंशांपर्यंत चालेल असं म्हटलं आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. टिनाच्या छपराखाली, गाडीच्या डिक्कीत, खिडकीत ठेवू नका. घरातल्या थंड कोपऱ्यात, माठाजवळ नाही पण त्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात नको, त्याची पूड लेन्सच्या फटीत जाते. दर आठवड्याला बाहेर काढून दोन फोटो काढा, नुसतं ठेवून दिलं की बुरशी धरते. हडंबा (मळणी यंत्र) चालू असेल, कापूस भरत असतील, वावटळ सुटली असेल तेव्हा लेन्स उघडू नका. लेन्स पदराने पुसू नका, पदरात दिवसभराची माती असते आणि काचेवर ओरखडे पडतात. आधी फुंकरीऐवजी दाबून हवा सोडायच्या छोट्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग चष्म्याच्या कापडाने. पोरीला कॅमेरा जरूर द्या, पण दोरी मनगटात घातल्याशिवाय नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

फोटो कार्डात पडून राहू देऊ नका. महिन्यातून एकदा आर्वीला बाजाराला जाल तेव्हा निवडक आठ-दहा प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा. बॉलपेनने लिहिलं तर पुढे वळ उमटतो. बाकीचे भाऊजींच्या फोनमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडे उतरवल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका, निदान पंधरा दिवस आधी घ्या. आठ दिवसांची लिहून घेतलेली मुदत तेवढ्यात वापरून होईल, बिघाड असला तर पोळ्याच्या आधीच कळेल, आणि अर्धं बटण दाबायची सवयही बोटाला लागलेली असेल. कॅमेरा कसा निघाला ते कळवा. तपासताना काही वेगळं दिसलं, काय करावं सुचलं नाही, तर पैसे न देता घरी या आणि मला पुन्हा लिहा.